सोफ्याला भुलून घेतलेली बोट

गेटवेसमोर नांगरलेली वीस वर्षं जुनी मोटर क्रूझर विकत घ्यायला आलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. तो आधी केबिनमध्ये शिरतो. गादी दाबतो, फ्रिज उघडतो, बायकोला व्हिडिओ कॉल लावून सोफा दाखवतो. इंजिनाचं झाकण उघडतं ते शेवटी, तेही दलालाने उघडलं तर. "शेठ, दोन-दोन इंजिनं, सहाशे हॉर्सपॉवर! आणि चाललीत किती? फक्त २८० तास!"

म्हणजे वर्षाला चौदा तास. बाकीचा वेळ ती इंजिनं काय करत होती? आत खारं पाणी घेऊन गंजत होती. ट्रॉलरचं इंजिन भर हंगामात एवढे तास महिन्याभरात चालतं, आणि चालतं म्हणूनच टिकतं. 'कमी चाललंय' हे कौतुक म्हणजे स्थळ सांगताना 'मुलगा घराबाहेर फारसा पडत नाही' म्हणण्यातला प्रकार.

मरीन डिझेलमध्ये हात काळे करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. लोक मला बोलावतात, पण टोकन देऊन झाल्यावर. "तुम्ही फक्त एक नजर टाका." नजर कसली टाकायची? मी गेल्या गेल्या इंजिनावर तळहात ठेवतो. गरम लागलं की समजायचं, गिऱ्हाईक यायच्या आधीच ते चालू करून ठेवलंय, कारण थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं. मग समुद्रात नेऊन थ्रॉटल पूर्ण उघडायला सांगतो. पाटीवर ३,३०० फेरे लिहिलेत आणि इंजिन २,९०० वरच अडतंय, तर प्रोपेलरचा पंखा चुकीचा आहे, बुडाला बार्नेकल धरलेत किंवा इंजिनातच दम नाही. या वेळी दलालाला हटकून महत्त्वाचा फोन येतो.

आता दोन इंजिनांचं भूत. "एक बंद पडलं तर दुसरं आहे ना!" अहो, दोन्ही इंजिनं एकाच पिंपातलं डिझेल पितात. लाटांत टाकी हिंदकळली, तळाचा गाळ आणि पाणी वर आलं, की दोघांचेही फिल्टर लागोपाठ तुंबतात. शिवाय दोघांना एका खोक्यात असं कोंबलेलं असतं, की त्यांच्या बाहेरच्या अंगाला हातच पोचत नाही. तिकडचा एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे गरम धूर आणि खारं पाणी एकत्र येतात तो भाग, हमखास सडतो. सडला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये. आपल्या कोळ्यांच्या सहा सिलिंडरच्या होड्या एकाच इंजिनावर दिवसचे दिवस खोल समुद्रात राहतात. तांडेल गरीब आहे म्हणून नव्हे, त्याला हिशेब कळतो म्हणून.

आणि जायचंय कुठे? मांडव्याला! आठ-दहा सागरी मैल. छत्तीस फुटी बोट आठ नॉटने न्यायला चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर पुरते, तासा-सव्वातासात पोचता. चोवीस नॉटने पंचवीस मिनिटांत पोचाल. वाचलेल्या पाऊण तासासाठी साडेपाचशे हॉर्सपॉवर जास्तीची, आणि जेट्टीवर उतरून पुन्हा अलिबागच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत! मोठी इंजिनं हळू चालवू म्हणाल, तर ती नीट तापत नाहीत, आत काजळी धरते.

स्टर्नड्राइव्हबद्दल तर बोलूच नका. इंजिन आत आणि ॲल्युमिनियमचा पाय बाहेर, आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात बुडालेला. जस्ताचे ठोकळे वेळेवर बदलले नाहीत तर तो पाय खाल्ला जातो. रबरी बेलो फाटला तर समुद्र थेट बोटीत. गोड्या पाण्याच्या तळ्यावर खुशाल वापरा.

त्यातही पेट्रोल असेल तर मी बोटीवर चढतच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पंख्याने ती बाहेर काढायची असते. आणि आमचे महाभाग तिथे मोटारीचा स्वस्तातला अल्टरनेटर बसवतात. मरीन अल्टरनेटर महाग का, तर त्याची ठिणगी बाहेर पडत नाही. दोन पैसे वाचवून लोक स्फोटावर बसतात, वर सिगारेट पेटवतात.

मागच्या डिसेंबरात एका गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. एक डिझेल, सरळ शाफ्ट, चहूबाजूंनी हात फिरेल एवढी जागा, एवढंच बघा म्हटलं. बोट किनाऱ्यावर ओढून तळ बघू, तेलाचा नमुना तपासायला देऊ, हेही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि सोफा घेतला, दोन इंजिनांसकट.

एप्रिलमध्ये फोन आला. मासेमारीच्या होडीने दोरी बांधून त्यांना परत आणलं होतं.

"अहो, उजवं इंजिन फिरतच नाही. पोऱ्या म्हणतो, बाहेरच्या बाजूने पाणी शिरलंय."

"एल्बो कसा दिसतोय?"

"तिकडे हात जात नाही," ते म्हणाले. "सोफा कापावा लागेल का?"