सात दिवसांची रजा

निवृत्त माणसाला रोजच रविवार, असे म्हणतात. म्हणणारे बहुधा पुरुष असतात. मी २०१९ साली बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सकाळच्या डब्याची घाई संपली, एवढेच मला दिसले. डब्याच्या जागी दुपारी एक वाजता गरम पोळी आली, अकराचा आणि चारचा असे दोन जादा चहा आले आणि तो सगळा बोजा एकाच व्यक्तीच्या खात्याला नावे पडला, हे अडतीस वर्षे जमा-नावे लिहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला कळायला काही वर्षे जावी लागली. कळले तेही आपणहून नव्हे.

झाले असे, की ज्येष्ठात माझा भाचा आला होता. तो नुकताच बँकेत लागला आहे. त्याला मी रजेचे गणित समजावून देत होतो. वर्षाच्या बारा नैमित्तिक रजा, अकरा दिवस काम केले की एक हक्काची रजा, ती साठवत जायची, आणि आमच्या वेळी निवृत्त होताना २४० दिवसांच्या रजेचा पगार हातात यायचा. "मी त्यातला एकही दिवस वाया घालवला नाही," हे वाक्य मी जरा अभिमानानेच टाकले. आत पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला. सौभाग्यवती लाटणे हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "त्यातले सात दिवस मला द्या."

भाचा हसला, मीही हसलो. ती हसत नव्हती.

अटी तिच्याच. माहेरी किंवा मुलाकडे पुण्याला जायचे नाही. "तिथं गेलं की तिथलं स्वयंपाकघर असतंच." राहायचे इथेच, सांगलीत, याच घरात. गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून वाचायचे. बाहेरून डबा मागवायचा नाही, कारण माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला बाहेरचे चालत नाही. आणि मी "हे कुठे आहे?" असे तिला एकदाही विचारायचे नाही.

ही शेवटची अट ऐकून मला बँक आठवली. ज्यांच्या हाती जोखमीचे काम आहे अशांना वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, निदान सलग दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २०२१ साली तो नव्याने सांगितला गेला. त्या दिवसांत त्या माणसाने कामाला हात लावायचा नाही, ना प्रत्यक्ष, ना संगणकावरून. कारण उघड आहे. माणूस खुर्चीत बसलेला असेपर्यंत त्याच्या खणात काय आहे ते कोणाला दिसत नाही. तो उठला की दिसते. बहुतेक वेळा काही निघत नाही, क्वचित लबाडी निघते. आमच्या घरात निघाले ते निराळेच.

आषाढातल्या एका सोमवारी रजा सुरू झाली. स्वयंपाकाचे मला भय नव्हते. बदलीच्या गावी एकटा राहत असताना पिठले-भात, खिचडी, बटाट्याची भाजी एवढे मी शिकलो होतो, आणि इतर पुरुषांप्रमाणे तेवढ्यावर 'मला सगळा स्वयंपाक येतो' असे सांगतही आलो होतो. अडले ते भलतीकडेच. बुधवारी मटकीची उसळ करायची तर मटकी सोमवारी भिजवावी लागते आणि रात्री फडक्यात बांधून ठेवावी लागते, म्हणजे बुधवारचे जेवण सोमवारी सकाळी ठरलेले असते. दुसऱ्या दिवशी मी ताक भरपूर केले, सर्वांना वाढले आणि रात्री दुधाला विरजण लावायला गेलो तर भांड्यात चमचाभरही दही नाही. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून मी आयुष्यभर लोकांची खाती दंड लावून परत करत आलो. शेजारच्या वहिनींकडे वाटी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी काही विचारले नाही, पण त्यांना सगळे कळले असावे.

कामे जड नव्हती. जड होते ते लक्षात ठेवणे. पावसात न वाळलेले कपडे पंख्याखाली घालायचे, सहाला पाणी येते तेव्हा पिंप भरायचे, रव्यात अळ्या झाल्यात का बघायचे. एक काम हातात असताना तीन डोक्यात असतात. दुपारी मीही एक कादंबरी घेऊन बसलो. चौथ्या पानावर कुकर आठवला, सातव्यावर गॅसवाला आला. संध्याकाळी पाहिले तर अकरा पाने झाली होती.

बुधवारी रात्री दहाला आईला रक्तदाबाची गोळी द्यायला पाकीट उघडले तर ते रिकामे. सौभाग्यवती झोपली होती. छत्री घेऊन निघालो. तीन दुकाने बंद होती, चौथ्याचे दार अर्धे ओढलेले होते. भिजून परत आलो आणि आईला गोळी दिली, पण हात थरथरत होते. सकाळी तिला सांगितले तेव्हा ती फक्त एवढेच म्हणाली, "कपाटावरच्या डब्यात एक जादा पाकीट नेहमी असतं. आणि लिहिलेलं होतं."

कालनिर्णय आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेले असते. मी त्यात संकष्टी आणि बँकेच्या सुट्ट्या पाहतो. त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक चौकोन वाचला. बुधवारच्या चौकोनात पेन्सिलीने 'आईंच्या गोळ्या' असे होते. बाकी सगळीकडे दुधाच्या पिशव्या, सिलिंडर लावल्याची तारीख, विजेचे बिल, कोणाचा वाढदिवस. कामाच्या मावशी आल्या नाहीत तिथे 'मा. खाडा'. माझ्या उभ्या नोकरीत इतके स्वच्छ रोजकीर्द मी कमी पाहिले. मागची पाने चाळली. मावशींचे खाडे होते, दूधवाल्याचे होते, पेपरवाल्या पोराचेही होते. तिचा खाडा कुठे नव्हता.

देशभरातल्या लोकांचा वेळ कसा जातो याची सरकारी पाहणी २०१९ साली झाली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाची २९९ मिनिटे मोजली गेली, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. असे काही करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच. २०२४ साली पुन्हा मोजले तेव्हा बाईची दहा मिनिटे कमी झाली होती, पुरुषाचीही नऊ. पण मटकी भिजवायची आठवण राहणे ही किती मिनिटे धरायची?

गुरुवारी आई मेथी निवडायला बसली होती. म्हणाली, "सूनबाईनं बरं केलं. आम्हाला महिन्याचे तीन दिवस मिळायचे." मला आधी कळलेच नाही. "कावळा शिवला की बाहेर बसायचं. कशाला हात लावायचा नाही, पोथी-पुस्तकालासुद्धा नाही. ताट दुरून सरकवायचे. राग यायचा रे. पण मी त्या दिवसांची वाट बघायचे. हात थांबायचे ना." इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकले नव्हते. विटाळाच्या रूढीवर मी लेख लिहिले आहेत, व्याख्याने दिली आहेत. ती रूढी वाईटच होती आणि आजही जिथे आहे तिथे वाईटच आहे. पण त्या घरात रजेचा नियम तेवढा एकच होता आणि त्याची किंमत अपमानात मोजावी लागत होती, हे माझ्या एकाही व्याख्यानात नव्हते.

झोपाळ्यावर तोपर्यंत रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचून झाले होते. हे पुस्तक १९१० सालचे, आमच्या घरात वीस वर्षे आहे. घरातल्या बायकांचे टोमणे सोसत वाचायला शिकलेल्या बाईचे पुस्तक सौभाग्यवतीने शिट्ट्यांच्या मधे तुकड्या-तुकड्याने वाचले होते. सलग वाचले ते आता.

शुक्रवारी तिने माझी कादंबरी उघडली. ही कादंबरी मी रविवारी सकाळी, दार लावून लिहिली होती. दाराबाहेर मुलाला गप्प कोणी ठेवले, हे प्रस्तावनेतल्या आभारात नाही. शनिवारी संध्याकाळी ती पुस्तक मिटून म्हणाली, "चांगली आहे. पण यातली माणसं सारखी चहा पितात. कपबशा कोण विसळतं?"

"अगं, कादंबरीत ते सगळं कशाला?"

"नको तर नको. सलग वाचली म्हणून दिसलं."

रात्री मी मोजले. एकवीस वेळा चहा होतो. नायिका दोन वेळा जेवायला वाढते. ओट्यापाशी कोणीही नाही.

रविवारी संध्याकाळी ती उठून आत आली. "आज अजून रजाच आहे," मी म्हणालो. तिने पेन्सिल घेतली, कालनिर्णयच्या चौकोनात लिहिले : 'शिल्लक २३३'. मग फ्रिज उघडला आणि विचारले, "विरजण लावलंत का?"

लावायचे राहिले होते. पण या वेळी दही वेगळे काढून ठेवले होते.