जुन्या घरांच्या दुरुस्तीलाही अनुदान हवे

प्रधानमंत्री आवास योजनेला (ग्रामीण) २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ मिळाली असून देशभरात आणखी दोन कोटी घरकुले बांधायची आहेत. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचे. ते स्वागतार्हच आहे, पण हा पैसा फक्त नव्या बांधकामाला मिळतो. मराठवाड्यातल्या लहान गावांत माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर असलेली, कितीतरी घरे अशी आहेत, की ज्यांच्या तुळया आणि खांब धड आहेत. गळते ते माळवद, फुगलेली असते ती एखादी भिंत. अशा कुटुंबाने चांगले लाकूड मोडीत काढून, कर्ज काढून घरकुल उभे करायचे किंवा गळक्या छपराखाली राहायचे, एवढेच पर्याय उरतात. त्यात भावकीच्या सामाईक भिंती असल्या, की एकाचे घर पाडताना दुसऱ्याचे खिळखिळे होते. म्हणून घरकुलांच्या निधीतला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. ही मागणी नवी नाही. इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून २० टक्के निधी कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी होता. २०१६ मध्ये तिच्या जागी सध्याची योजना आली आणि ती तरतूद गेली. हरियाणा सरकार आजही जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी गरीब कुटुंबांना ८० हजार रुपये देते.

या मागणीवर सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड छप्पर अंगावर कोसळून. मात्र भूकंपानंतर काही गावे नव्या जागी वसवली गेली, तशीच १३ जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरणही हाती घेतले गेले. दोष नेमका कुठे होता, हे तेव्हाच कळले होते: भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड बसवणे, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा घालणे, छपरावरची माती कमी करणे ही कामे गावच्या गवंड्याला शिकवता येतात. अनुदान मिळाले नाही, तर ही धोकादायक घरे रिकामी होणार नाहीत. माणसे त्यातच राहतील. सुरक्षिततेची खरी काळजी असेल, तर दुरुस्तीला पैसा द्यायलाच हवा.

दुरुस्तीच्या नावाखाली नुसता रंग फासून बिले काढली जातील, ही भीतीही रास्त आहे. घरकुलांच्या हप्त्यांसाठी टप्प्याटप्प्याने फोटो घेतले जातातच. इथे पहिला फोटो गिलाव्याआधीचा असावा, म्हणजे आरपार दगड आणि पट्टा डोळ्यांना दिसेल. घर दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहे की नाही, हे अभियंत्याने लेखी द्यावे आणि गेले असल्यास त्या कुटुंबाचा नव्या घरकुलावरचा हक्क कायम राहावा.

— एक वाचक, जि. लातूर