दोन कोटींचा स्टार आधी, की गावाकडचा पोरगा? बारामती-इंदापूरच्या कबड्डीपटूंनी समजून घ्यावं असं संघबांधणीचं गणित

ऑक्टोबर 2023. मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू होता. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती 5 कोटी. म्हणजे दोन्ही संघांनी जवळपास निम्मी तिजोरी एकेका माणसावर रिकामी केली.

पाच महिन्यांनी काय झालं? पलटण साखळीत 96 गुण मिळवून अव्वल राहिली आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. टायटन्सने 22 सामन्यांत फक्त 2 जिंकले आणि गुणतक्त्यात तळ गाठला.

खर्च सारखा आणि निकाल इतका वेगळा, हे कसं? पवन कमी पडला असं म्हणणं अन्यायाचं होईल. फरक होता उरलेल्या निम्म्या पैशांत, आणि त्याहून जास्त त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जत्रेच्या, शिवजयंतीच्या स्पर्धांमध्ये 65 किलो गटात चढाया करणाऱ्या पोरांना हा फरक कळायला हवा, कारण त्यांचा भाव त्यावरच ठरतो.

ड्राफ्ट आणि फ्री एजन्सी म्हणजे नेमकं काय?

हे दोन्ही शब्द अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांमधून आले. तिथल्या एनएफएल लीगमध्ये 32 संघ आहेत. दरवर्षी कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची सात फेऱ्यांत निवड होते आणि आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट, त्या संघाचा नंबर पहिला. हा ड्राफ्ट. इथे बोली नसते. ज्या संघाने नाव घेतलं तिथे खेळायचं, पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, करार चार वर्षांचा. करार संपला की खेळाडू मोकळा. मग जो जास्त देईल त्याच्याकडे जायचं. ही फ्री एजन्सी.

थोडक्यात, ड्राफ्टमध्ये खेळाडू स्वस्त मिळतो पण तो कसा निघेल हे माहीत नसतं. फ्री एजन्सीत खेळाडू काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो महाग पडतो. एनएफएलच्या 2022 च्या ड्राफ्टमध्ये ब्रॉक पर्डीचं नाव सगळ्यात शेवटी, 262 व्या क्रमांकावर आलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तोच पर्डी सुपर बोलच्या अंतिम सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उभा होता. उलट टॉम ब्रेडी वीस हंगाम एकाच संघात काढून 2020 मध्ये मोकळ्या बाजारातून टँपा बेला गेला आणि पहिल्याच वर्षी जेतेपद घेऊन आला. त्यामुळे एकच मार्ग बरोबर, असं अमेरिकेतही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपल्याकडेही ड्राफ्ट झालेला आहे, फक्त लक्षात नसतो. 2008 मध्ये आयपीएलच्या पहिल्या वर्षी 19 वर्षांखालच्या खेळाडूंची निवड लिलावाबाहेर, ड्राफ्टने झाली होती. दिल्लीने विराट कोहली सोडून प्रदीप सांगवानला घेतलं. कोहली बंगळुरूकडे गेला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कबड्डीत दोन्ही आहे, फक्त नावं वेगळी

प्रो कबड्डीत मोठे खेळाडू लिलावात जातात. दहाव्या हंगामात अ गटाची मूळ किंमत 30 लाख होती, सगळ्यात खालच्या ड गटाची 9 लाख. बाजार समितीत डाळिंबाचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दोन व्यापारी अडून बसले की माल तोच, भाव दुप्पट. त्यात ‘फायनल बिड मॅच’ नावाची एक सोय आहे. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली जुना संघ तेवढीच रक्कम देऊन आपल्याकडे वळवू शकतो.

दुसरं दार ‘न्यू यंग प्लेयर’चं. लीगमध्ये आधी न खेळलेल्या तरुणांना संघ चाचण्या घेऊन, हेरून थेट करारबद्ध करतो. पैसे कमी, पण संघाला तो पुढेही स्वतःकडे ठेवता येतो. नंबर लावून निवड होत नसली, तरी कामाच्या दृष्टीने हा आपला ड्राफ्टच. पलटण याच दारातून मोठी झाली.

अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो आणि हरियाणाचा मोहित गोयत आठव्या हंगामात पलटणकडून पहिल्यांदा मॅटवर उतरले. पंकज मोहिते त्याआधीपासून होता, नाशिककडचा आकाश शिंदे नंतर आला. तेव्हा यातल्या कुणाच्याही नावावर कोटीची बोली नव्हती. डिसेंबर 2022 मध्ये पलटण अंतिम फेरीत पोहोचली, पण अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते आणि जयपूरने 33-29 असा सामना काढला. त्याच वर्षी फझल अत्राचलीला 1 कोटी 38 लाखांना आणलं होतं. हंगाम संपल्यावर संघाने त्याला सोडलं आणि पोरं ठेवली. तेव्हा अनेकांना हे उलटं वाटलं असेल. वर्षभराने अस्लम कर्णधार होता, दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला, आणि शादलू सर्वोत्तम बचावपटू.

म्हणजे पलटणने स्टार घेतलाच नाही असं नाही. आधी चढाईची फळी तयार केली, मग बचावात कमी काय आहे ते पाहिलं आणि त्या एका जागेसाठी पैसे ओतले. टायटन्सचं उलट झालं. पवनवर 2 कोटी 60 लाख गेल्यावर उरले 2 कोटी 40 लाखांच्या आसपास. संघात किमान 18 खेळाडू लागतात. बाकीच्या 17 जणांत वाटणी केली तर डोईला सरासरी 14 लाख. त्यात आधीपासून घडवलेली स्वस्त आणि चांगली पोरं हाताशी असतील तर भागतं. नसतील तर पवनने एका चढाईत दोन गुण आणायचे आणि बचावाने पुढच्या चढाईत तीन द्यायचे, असं चालतं.

याच पवनची आदल्या वर्षीची गोष्ट आणखी बोलकी आहे. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, हंगाम संपला. थलैवाज बुडायला हवे होते. पण नरेंदर नावाचा नवखा पोरगा उभा राहिला, पदार्पणाच्या हंगामात 243 चढाई गुण घेतले आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे त्यांना 39-37 असं हरवणारी पलटणच होती.

मग शादलूचं काय?

इथे प्रश्न निघतो, आणि तो रास्त आहे. पलटणकडून जिंकल्यावर शादलू अकराव्या हंगामात 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेती झाली, तीही पुण्यात बालेवाडीला, 29 डिसेंबर 2024 ला पाटणाला 32-23 असं हरवून. पलटण त्या वर्षी प्लेऑफलाही पोहोचली नाही. म्हणजे शेवटी स्टारच जिंकतो का?

हरियाणाचा संघ बघितला तर उत्तर सापडतं. जयदीप, राहुल सेतपाल, विनय हे आधीपासून एकत्र खेळत होते. अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण शादलूचे नव्हते, शिवम पठारेचे होते, आणि हा तरुण चढाईपटू महाराष्ट्राचा. याच शादलूला बाराव्या हंगामासाठी गुजरातने 2 कोटी 23 लाखांना घेतलं. गुजरात पहिल्या आठातही आली नाही. अकराव्या हंगामात सर्वांत महाग ठरलेला सचिन तन्वर, 2 कोटी 15 लाख, थलैवाजकडे होता. तेही प्लेऑफबाहेर राहिले.

पलटण मात्र शादलूशिवाय, घडवलेल्या पोरांच्या जोरावर बाराव्या हंगामात पुन्हा अव्वल राहिली. 31 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीत अंतिम सामना 28-31 असा गेला. एवढ्या जवळून हरल्यावर ‘एक मोठा बचावपटू असता तर’ असं कुणाला वाटलं तर त्यातही तथ्य आहे. क्रम मात्र तोच ठेवावा लागतो.

फुटबॉलमध्ये पुण्याने हाच धडा महाग किमतीत शिकला. 2014 मध्ये एफसी पुणे सिटीने बालेवाडीत फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे आणला, पुढच्या वर्षी रोमानियाचा एड्रियन मुटू. उपांत्य फेरी काही दिसली नाही. ती दिसली 2017-18 मध्ये, मार्सेलिनो-अल्फारो ही बाजारातून उचललेली जोडी आणि पुण्याच्याच अकादमीत वाढलेला आशिक कुरुनियन एकत्र खेळले तेव्हा. 2019 मध्ये क्लबच बंद पडला आणि खेळाडू हैदराबादला गेले. तारे हैदराबादला गेले तरी पुण्यात काही उरायला हवं होतं, तर ते अकादमीच्या रूपाने. तेही राहिलं नाही.

बारामती-इंदापूरला यातून काय?

पहिली गोष्ट कटू आहे. घडवलेला खेळाडू म्हणजे स्थानिक खेळाडू नव्हे. ‘पुणेरी’ पलटणच्या विजेत्या संघात हरियाणाचा मोहित आणि गौरव खत्री होते, तमिळनाडूचा अबिनेश होता. संघ पोरगा जिथे दिसेल तिथून उचलतो. लासुर्णे, निमगाव केतकी किंवा माळेगावचा पोरगा दिसावा यासाठी तो आधी दिसण्याच्या जागी पोहोचायला हवा, म्हणजे जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद आणि कुमार गट. राज्य स्पर्धेत आता पुणे ग्रामीणचा वेगळा संघ उतरतो, ही या दोन तालुक्यांसाठी मोठी गोष्ट आहे. शहरातल्या मुरलेल्या मंडळांशी एका जागेसाठी भांडायची वेळ येत नाही. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे डिसेंबर 2024 पासून जुलै 2025 अखेरपर्यंत राज्याचे क्रीडामंत्री होते. त्यामुळे तालुक्याला या खात्याची दारं माहीत नाहीत असंही नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. समजा, अंथुर्ण्याचा 19 वर्षांचा डावा चढाईपटू उद्या न्यू यंग प्लेयर म्हणून करारबद्ध झाला. लिलावातल्या गड्याच्या तुलनेत त्याला किरकोळ रक्कम मिळेल आणि तो चमकला तरी मोकळ्या बाजारात यायला वेळ लागेल, कारण संघ त्याला आपल्याकडे राखेल. चढाईपटूचे गुडघे किती वर्षं साथ देतात? अमेरिकेतही ड्राफ्टवर हाच आक्षेप आहे: उमेदीची वर्षं स्वस्तात जातात. म्हणून करारावर सही करण्याआधी घरच्यांनी दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. संघ आपल्याला किती हंगाम राखू शकतो, आणि दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा? पोलीस, रेल्वे, बँकांच्या संघांत नोकरी मिळण्याचा मार्ग अजूनही उघडा आहे, तो लीगच्या नादात सोडू नये. 14 लाखांच्या एका हंगामापेक्षा निवृत्तीपर्यंतचा पगार किती होतो, हे गणित कुठल्याही आईबापाला जमतं.

तिसरी गोष्ट मात्र लीगने करायची आहे, आणि ती झाल्याशिवाय घडवण्याच्या गप्पांना अर्थ नाही. ऊस उत्पादकाला माहीत असतं की चांगलं बेणं फुकट येत नाही. ते कुणीतरी मळ्यात जपलेलं असतं. कबड्डीत ते गावचं मंडळ जपतं. माती भिजवणं, रात्रीचे दिवे, स्पर्धेला न्यायची जीप, मोडलेल्या बोटाला पट्टी. दोन कोटींचा आकडा पडद्यावर येतो तेव्हा त्या मंडळाचं नाव त्यात कुठेच नसतं.

फुटबॉलने यावर तोडगा काढलेला आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातल्या क्लबमधून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. कबड्डीत असा व्यवहार होत नाही, लिलावाची रक्कम खेळाडूचं मानधन असते. त्यामुळे ही रक्कम खेळाडूच्या पदरातून कापणं चुकीचं होईल. संघाने बोलीच्या वर 5 टक्के वेगळे भरायचे आणि ते खेळाडूची पहिली नोंदणी ज्या मंडळाकडून झाली त्याच्या खात्यात जायचे. राज्य संघटनेकडे मंडळांची आणि खेळाडूंची नोंदणी असतेच, नवा कागद काढायची गरज नाही. 2 कोटी 35 लाखांच्या बोलीवर ही रक्कम पावणेबारा लाख होते. 9 लाखांच्या ड गटातल्या खेळाडूवर 45 हजार.