कृषिप्रदर्शनाचा रौप्यमहोत्सव

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावाहून दोन सद्गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या गावी दर हिवाळ्यात भरणाऱ्या कृषिप्रदर्शनास येत्या वर्षी पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्याप्रीत्यर्थ रौप्यमहोत्सव व्हावयाचा आहे, स्मरणिका निघावयाची आहे, आणि त्या स्मरणिकेसाठी मी एक गौरवपर लेख लिहावा, अशी त्यांची इच्छा होती. ‘आपण इंग्रजीचे प्राध्यापक, विलायतेत अशी प्रदर्शने शेदोनशे वर्षे चालली आहेत, त्यांचा दाखला आपण द्यावा, म्हणजे आमच्या कार्यास वजन येईल,’ असेही त्यांनी सुचविले. मी लेख लिहिण्याचे नाकारले. चहा घेऊन ते गेले. परंतु जाताना त्यांच्या मुद्रेवर जो प्रश्न उमटला होता त्यास उत्तर देणे माझ्याकडे लागते. ते उत्तर त्या दोघांपुरतेच राहू नये म्हणून येथे प्रसिद्धपणे देत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. प्रदर्शनाशी माझे वैर नाही. वर्षभर उन्हात आणि चिखलात राबणाऱ्या माणसाने चार दिवस मुलाबाळांसह मंडपात हिंडावे, एखादा जातिवंत खिलार खोंड डोळे भरून पाहावा, बचतगटाच्या बायकांच्या पापड-लोणच्यांस चार गिऱ्हाइके मिळावीत, ह्यात वावगे असे काहीच नाही. जत्रेस जत्रा म्हणावे आणि आनंदाने तिला जावे. माझी तक्रार एवढीच आहे, की ह्या जत्रेने पाठशाळेचे नाव धारण केले आहे, आणि पंचवीस वर्षे भरली एवढ्याच कारणासाठी ती आता गुरुदक्षिणा मागत आहे. पंचवीस वर्षे होणे हा कालाचा पराक्रम आहे. बांधावरची बाभळही पंचवीस वर्षांची होते. तिचा महोत्सव कोणी करीत नाही. संस्थेचे वय मोजण्यास पंचांग पुरते. तिचे कार्य मोजावयाचे तर जमाखर्चाची वही उघडावी लागते, आणि महोत्सवाच्या वर्षी जर ती उघडावयाची नाही, तर मग उघडावयाची तरी केव्हा?

विलायतेचा दाखला मागितलाच आहे, तर तो अर्धवट देऊ नये. इंग्लंडातील ‘रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटी’ १८३८ साली स्थापन झाली, तिचे पहिले प्रदर्शन १८३९ साली ऑक्सफर्ड येथे भरले, आणि १८४० साली तिला राजसनद मिळाली. शास्त्र आणि प्रत्यक्ष व्यवहार ह्यांची सांगड हे तिचे ब्रीद होते. तिच्या प्रदर्शनातील गुराढोरांच्या रांगा प्रेक्षणीय असत हे खरे. परंतु तिची खरी थोरवी शेजारच्या मोकळ्या शेतात दिसे. नांगर आणि इतर अवजारे मंडपात नुसती मांडून ठेवून तिचे समाधान होत नसे. ती जमिनीत चालवून पाहत. नांगर ओढावयास किती बळ खर्ची पडते हे मोजण्याचे यंत्र लावीत, सोसायटीचा स्वतःचा सल्लागार इंजिनियर असे, आणि मग परीक्षक आपला निकाल देत. वाफेच्या शक्तीने जमीन नांगरणाऱ्या यंत्रास सोसायटीने पाचशे पौंडांचे बक्षीस लाविले होते. यंत्र चालले म्हणजे झाले, एवढ्याने ते मिळावयाचे नव्हते. नांगराच्या किंवा फावड्याच्या जागी ते काटकसरीने वापरता आले पाहिजे, अशी अट होती. जॉन फौलर हा ह्या विषयातील पुढारलेला कारागीर. पण आधीच्या परीक्षांत त्यालाही ते बक्षीस मिळाले नाही. १८५८ साली चेस्टरच्या प्रदर्शनात परीक्षकांची खात्री पटली, तेव्हा मिळाले. बक्षीस राखून ठेवण्याचे हे धैर्य मला त्या पाचशे पौंडांहून अधिक मोलाचे वाटते. आमच्याकडील किती प्रदर्शनांनी आजवर ‘ह्या वर्षी बक्षिसास योग्य असे एकही यंत्र आले नाही’ असा निकाल जाहीर केला आहे?

त्याच शतकाच्या उत्तरार्धात सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ ऑगस्टस व्होल्कर हे सभासदांनी पाठविलेले खतांचे आणि पेंडीचे नमुने तपासून त्यांतील भेसळीचे अहवाल छापीत. ह्या कामात व्यापाऱ्यांचा रोष ओढवतो हे कोणासही समजेल. सोसायटीने तो पत्करला, कारण आपण कोणाची बाजू घेण्यासाठी जन्मास आलो हे तिला ठाऊक होते.

आता त्याच सोसायटीच्या महोत्सवांकडे पाहा. तिचा सुवर्णमहोत्सव १८८९ साली विंडसर येथे थाटामाटाने झाला. प्रत्यक्ष व्हिक्टोरिया राणीने त्या वर्षीचे अध्यक्षपद भूषविले. परंतु १८७९ च्या अतिवृष्टीपासून आणि अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त गव्हामुळे इंग्लंडची धान्यशेती त्याच काळात खचत चालली होती, आणि विंडसरच्या पताकांनी गव्हाचा भाव चढला नाही. पुढे गावोगाव फिरण्याचा आपला मूळचा क्रम सोडून सोसायटीने १९०३ साली लंडनच्या कडेस पार्क रॉयल येथे कायमचे ठाणे मांडले. तीन वर्षांत एवढा तोटा आला की १९०५ नंतर ते ठाणे मोडून तिला पुन्हा गावोगावची वाट धरावी लागली. शताब्दीचे प्रदर्शन १९३९ साली पुन्हा विंडसर येथेच झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात महायुद्ध उभे राहिले. १९६३ पासून स्टोनली येथे पुन्हा कायमची जागा झाली, आणि २००९ साली तेथेच हे प्रदर्शन अखेरचे भरले. तोटा वाढला होता, गर्दी ओसरली होती.

ज्या दाखल्याने आपल्या कार्यास वजन आणावयाचे, तो दाखला हा असा आहे! सर्वांचेच असे झाले असे मात्र कोणी समजू नये. स्कॉटलंडातील हायलँड सोसायटीचे पहिले प्रदर्शन १८२२ साली एडिंबरो येथे भरले आणि २०२२ साली त्याची दोनशे वर्षे साजरी झाली. ते आणखी दोनशे वर्षे जगो. परंतु एक जगले आणि एक गेले, एवढ्यावरून त्यांच्या कार्याचे मोल ठरत नाही. रॉयल सोसायटीचे प्रदर्शन बंद पडले म्हणून चेस्टरची परीक्षा खोटी ठरली नाही, की व्होल्करांचे अहवाल पुसले गेले नाहीत. उलट, कोणतीही परीक्षा न घेता एखादे प्रदर्शन हजार वर्षे जगले, तरी शेतकऱ्याच्या पदरात त्याने काय घातले, हा प्रश्न शिल्लक राहीलच.

हा प्रश्न मला परक्या देशाच्या इतिहासातून सुचलेला नाही. तो माझ्या घरातून आला आहे. माझे वडील बंधू गावी शेती पाहतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनातून (ते कोणते, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही) त्यांनी तण काढण्याचे एक लहानसे पेट्रोलयंत्र बत्तीस हजार रुपयांस विकत घेतले. मंडपाच्या कडेस तांबडी भुसभुशीत माती पसरून एक वाफा केला होता. त्यात ते यंत्र लोण्यात सुरी फिरावी तसे फिरत होते. आमची जमीन काळी आणि चिकण. पावसाने उघडीप दिल्यावर वाफसा पाहून दादांनी यंत्र शेतात घातले, तो दहा पावलांत त्याच्या पात्यांभोवती हरळी आणि चिखल ह्यांचा गोळा बसला. विक्रेत्याचा दूरध्वनी काही दिवस वाजत राहिला, पुढे वाजेनासा झाला. यंत्र आज गोठ्यात आहे. त्याच्या दांड्यावर दावी टांगलेली असतात. दादा फारसे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘अरे, दात पाहिल्याशिवाय मी जन्मात कधी बैलाचा इसार दिला नाही. ह्या यंत्राचे दात तर समोर दिसत होते, आणि तरी फसलो.’

दादांच्या ह्या एका वाक्यात माझा सर्व युक्तिवाद आला आहे. आमच्या जुन्या जत्रांत, मग ती माळेगावच्या खंडोबाची असो की पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची, जो गुरांचा बाजार भरतो तेथे गिऱ्हाईक बैलाचे तोंड उघडून दात मोजते, त्याला चालवून पाहते, खूर आणि खांदा चाचपते, चार जाणत्यांस विचारते आणि मगच भावाची बोलणी लावते. त्या बाजारास कोणी प्रदर्शन म्हणत नाही; परंतु परीक्षा तेथे होते. नव्या मंडपात पाकिटातील बियाण्याचे, बाटलीतील औषधाचे आणि पत्र्याखालील यंत्राचे तोंड उघडून पाहण्याची सोय शेतकऱ्यास नाही. नेमकी तीच सोय करून देणे हे प्रदर्शनाचे काम होते. ते सोडून त्याने विक्रेत्यास जागा भाड्याने दिली आणि शेतकऱ्यास गर्दीत उभे केले.

हे काम आपल्याकडे कोणास सुचलेच नव्हते, असेही म्हणता येत नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात शेतीच्या सुधारणेचे जे उपाय सुचविले, त्यांत हाही एक आहे: दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या आणि औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम ठरतील त्यांस बक्षिसे द्यावीत आणि तीन वर्षांच्या अनुभवावरून उत्तम शेतकऱ्यांस पदव्याही द्याव्यात. वाचकांनी ह्यातील ‘परीक्षा’ ह्या शब्दाकडे लक्ष द्यावे. जोतीरावांच्या मनातील प्रदर्शनात शेतकरी प्रेक्षक नव्हता. तो परीक्षेस बसणारा विद्वान होता, आणि त्याची विद्या पदवीस पात्र मानलेली होती. ह्या सूचनेस आता एकशे चाळीसांहून अधिक वर्षे झाली. प्रदर्शने आली, मंडप आले, पदव्यांच्या जागी सन्मानचिन्हेही आली. मधली परीक्षा तेवढी गळाली.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की विक्रेत्यांच्या भाड्यावरच प्रदर्शन चालते, त्यांना दुखवून कसे चालेल? ह्यास माझे उत्तर असे, की ज्याचा माल खरा आहे तो परीक्षेस भीत नाही, आणि जो भितो त्याच्या भाड्यावर उभारलेल्या मंडपास शेतकऱ्याचे नाव देऊ नये. दुसरा आक्षेप असा, की फसवणुकीस कायदा आहेच. आहे खरा, बियाण्यांचा कायदा १९६६ पासून आहे, आणि ग्राहक म्हणून दाद मागण्याचा शेतकऱ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मान्य केला आहे. तथापि २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यात हजारो तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली, हेही आपण पाहिले. न्यायालय भरपाई देईल. गेलेली वाफशाची वेळ ते देऊ शकत नाही. कायदा पेरणीनंतर येतो, परीक्षा पेरणीपूर्वी घेता येते. बैल गेला आणि झोपा केला, ह्या म्हणीचा अर्थ शेतकऱ्यास प्राध्यापकाने समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा त्या दोन सद्गृहस्थांस माझी सूचना अशी आहे. महोत्सवाच्या आठ दिवस आधी मंडपात विकावयाच्या प्रत्येक बियाण्याचे एकेक पाकीट बाजारातून विकत आणावे, प्रत्येकातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, आणि उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हातून फीत कापविण्याऐवजी ती गोणपाटे सर्वांसमक्ष उलगडून अंकुर मोजावेत. सोयाबीनचे शंभरांत सत्तर तरी उगवले पाहिजेत, हे प्रमाण ठरलेलेच आहे. इतर पिकांचीही अशीच प्रमाणे आहेत. ह्यास प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या गावच्या म्हाताऱ्या बायका हे काम पूर्वीपासून करीत आल्या आहेत. दुसरे, यंत्रांसाठी तांबड्या मातीचा वाफा न करता एखाद्या शेतकऱ्याचे हरळीने माजलेले काळे रान एका दिवसापुरते मागून घ्यावे आणि प्रत्येक यंत्र त्यात चालवावे. परीक्षक म्हणून ज्यांच्या तळहातांस घट्टे आहेत अशांस बसवावे. तिसरे, गेल्या पंचवीस वर्षांत ह्या प्रदर्शनातून माल घेतलेल्या शंभर शेतकऱ्यांच्या घरी जाऊन, त्या मालाचे पुढे काय झाले ते विचारावे, आणि जे ऐकावयास मिळेल ते स्मरणिकेत जसेच्या तसे छापावे. माझ्या बंधूंसारखा कोणी फारसे न बोलणारा भेटला, तर त्याच्या गोठ्यात डोकावून यावे.

ह्यास खर्च फारसा नाही. कदाचित काही विक्रेते येणार नाहीत, आणि मंडप थोडा लहान होईल. परंतु एवढे झाले, तर गौरवाचा लेख मी आनंदाने आणि वेळेपूर्वी लिहून देईन. तोवर स्मरणिकेतील माझे पान त्या शंभर घरांच्या उत्तरांसाठी राखून ठेवावे, ही विनंती.