तहान बाळंतिणीची

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्याच्या छत्र्या आहेत. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी घरं नांदताहेत. माळव्याच्या गार रात्रींचं कौतुक एवढं, की 'शब-ए-मालवा' हा शब्दच रूढ झाला. साडेपाचशे मीटर उंचीचं हे पठार दिवसा तापलं तरी रात्री निवायचं. आता हवामान बदलतंय. उन्हाळ्यात रात्रीही उकडतं. पत्र्याखालच्या खोलीत तर अंगाला विसावाच मिळत नाही. बाळंतिणीला आणि तान्ह्याला याचा त्रास जास्त.

अशा वेळी आजी मायेनं बाळाला चमचाभर पाणी पाजते. तिथंच जपायला हवं. पहिले ६ महिने, कडक उन्हाळ्यातसुद्धा, आईचं दूध हेच बाळाचं पाणी. वरच्या पाण्यानं पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं आणि जुलाबाची भीती वाढते.

तहान भागवायची ती आईची! 'बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं' ही समजूत आता सोडा. बाळाला पाजायला बसली, की तिच्या हाती पाण्याचा तांब्या द्या. ताक म्हणा की मज्जिगे, अंबील म्हणा की अंबली, तेही द्या. पत्र्याला वरून पांढरा चुना लावा. भर दुपारी तिला चुलीपुढे बसवू नका. बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा अंग तापलं, तर लगेच दवाखाना गाठा.

छत्रीबाग असो की बेळगाव, ऊन आपल्या हातात नाही. सुनेच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवणं मात्र आहे.