कागद दाखवा

मंडळी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे बरेच दिवस लिहिता आलं नाही. पण एक गोष्ट केव्हापासून मनात घोळते आहे.

काही वर्षांपूर्वी लेकीकडे सेंट लुईसला गेले होते. शेजारचे आजोबा कोरियाच्या युद्धातले, १९५३ ला घरी परतलेले. दर शनिवारी ते जुन्या सैनिकांबरोबर कॉफी प्यायला जात. माझे जावई त्यांना गाडीने सोडत, एकदा मीही गेले. गप्पा रंगल्या होत्या. आजोबा तिथल्या थंडीबद्दल काही सांगत होते, तर व्हिएतनामला जाऊन आलेला एक जण मध्येच म्हणाला, "कागद दाखव." टेबलावर वाद पेटला. कोणी म्हणे विचारलंच पाहिजे, कोणी म्हणे लाज वाटू दे. आजोबा गप्प. कप हातात तसाच. पुढचे तीन शनिवार ते गेलेच नाहीत.

विचारणारा वाईट होता असं मी म्हणणार नाही. तिकडे थापाडे पुष्कळ. कॅलिफोर्नियात झेवियर अल्वारेझ नावाचा पाणीमंडळाचा सदस्य होता. २००७ साली त्याने भर सभेत सांगितलं की आपण पंचवीस वर्षं मरीन होतो आणि आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं आहे. म्हणजे आपल्या परमवीर चक्रासारखं त्यांचं सर्वोच्च पदक. हा गृहस्थ सैन्यात एक दिवसही नव्हता! अशी थाप मारणं तेव्हा गुन्हा होता, त्याला शिक्षाही झाली. पण २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवला. मग २०१३ चा नवा कायदा आला. पदकाची थाप मारून पैसा किंवा दुसरा काही लाभ उपटायचा असेल तरच गुन्हा. मला हे पटतं. नुसत्या बढाईसाठी तुरुंगात घालायचं तर आमची स्टाफरूम निम्मी रिकामी झाली असती.

पण आजोबांजवळ कागद का नव्हता? त्यांची प्रत तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली. आणि सरकारची प्रत? १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या सैनिकी दप्तराच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आग लागली. फायलींच्या जागेत पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या! दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणजे ज्याने थाप मारली त्याच्याकडे कागद नाही, आणि जो खरोखर लढला त्याच्याकडेही नाही.

आणि कागदाचं म्हणाल तर मला कोणी सांगू नये. खेड्यातल्या शाळेत पहिलीच्या वर्गात नाव घालताना आयांना पोराची जन्मतारीख आठवत नसे. कोणी म्हणे नागपंचमीच्या आसपास, कोणी म्हणे मोठा पाऊस झाला त्या साली. मी जनरल रजिस्टरात १ जून लिहायची. ती पोरं त्याच तारखेवर नोकरीला लागली, त्याच तारखेवर निवृत्त झाली. माझ्या अक्षरातलं ते खोटं सरकारदरबारी पक्कं खरं आहे.

शंका आली तर विचारावं की. तिथे सैनिकाच्या सेवेच्या तारखा, पदकं अशी मोजकी माहिती कोणालाही सरकारकडून लेखी मागवता येते. तिथे अर्ज करावा, उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. वर्गात चोरी झाली की मीसुद्धा पहिल्या वर्षी सगळ्यांसमोर एकाचं दप्तर उलटं केलं होतं. पैसे त्यात नव्हते. तो मुलगा पुन्हा माझ्याकडे कधी मान वर करून बोलला नाही. असो.

जावयांनी आजोबांचा अर्ज भरून दिला. जळालेल्या फायलींच्या जागी पगाराची वगैरे जुनी कागदपत्रं शोधून दाखला देतात. बऱ्याच महिन्यांनी, मी परत आल्यावर, तो आला. नाव, नंबर, भरती झाल्याची आणि सुटल्याची तारीख. बस्स. कोरियाचा शब्द नाही.

लेक फोनवर सांगत होती, "आई, शनिवारी ते दाखला खिशात घालून गेले होते गं." कोणी विचारलंच नाही. ज्याने विचारलं होतं तो त्या दिवशी आला नव्हता.