आजीचा पदर आणि आंटीची जाळी

गेल्या रविवारी माझी चुलतबहीण मिस्साला जाऊन कम्युनियन न घेताच परत आली. वय 22. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रांगेत मागच्या आंटी कानात म्हणाल्या, "डोकं झाकून ये गं, कोणासमोर उभी आहेस?" पोरगी रांग सोडून बाकावर जाऊन बसली. चर्चचं नाव लिहीत नाही, आमचंच आहे.

हल्ली आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जाळीच्या ओढण्यांचे फोटो फिरतात. खाली ठोकून दिलेलं असतं की नियम आजही लागू आहे. मंडळी, नियम होता. 1917 च्या कॅनन लॉमध्ये कलम 1262: पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं, बायकांनी झाकावं, विशेषतः प्रभुभोजन घ्यायला जाताना. 1983 च्या संहितेने ती जुनी संहिताच रद्द केली आणि नव्यात हे कलम नाही. त्याआधी, 1976 साली, बायकांना पौरोहित्य नाकारणाऱ्या दस्तऐवजात (म्हणजे काही बायकांची बाजू घेणारा नव्हे!) व्हॅटिकननेच म्हटलं होतं की डोक्यावरचं वस्त्र ही त्या काळची रीत, आता बंधनकारक नाही. फंक्शन कधीच डिलीट झालंय, लोक जुन्या बॅकअपमधून कॉपी-पेस्ट करताहेत.

"आणि बायबल?" हा प्रश्न मात्र खरा आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11. पौल नुसती रीत सांगत नाही, उत्पत्तीचा आणि देवदूतांचा दाखला देतो. ठीक. मग अख्खा अध्याय घ्या ना! तिथेच पुरुषाचे लांब केस लाजिरवाणे म्हटलेत. आमच्या कॉयरच्या गिटारवाल्याची पोनीटेल पाठीवर रुळते, त्याला कोणी हटकल्याचं ऐकिवात नाही. तिथली बाई सभेत प्रार्थना करते, संदेशही देते. ते कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि उत्तरार्धात पौल जो भडकलाय, तो वेगळ्याच गोष्टीवर: प्रभुभोजनाला जमता आणि एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र. त्याची तपासणी दारात कोण करतं?

मग येते "आपली परंपरा". माझी आजी गोराईची. नऊवारी लुगडं, चर्चमध्ये पदर डोक्यावर. पण तो बाजारातही असायचा, सासऱ्यासमोर तर असायचाच. शेजारच्या हिंदू म्हाताऱ्या देवळात तसाच घ्यायच्या. त्यातला येशूसाठी किती आणि सासऱ्यासाठी किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. बोरिवलीला यायला खाडीत बोट सुटली की मात्र पदर हळूच खांद्यावर उतरायचा. पांढरी लेसची जाळी तिने कधी घेतली नाही. परंपराच हवी तर लुगडं नेसा की.

जिला मनापासून घ्यावीशी वाटते तिने जरूर घ्यावी. माझ्या टीममधली एक मल्याळी सीरियन ख्रिश्चन मुलगी दर रविवारी डोक्यावर ओढणी घेते, तिच्या चर्चची रीत आहे. ती कोणाच्या कानात काही सांगत नाही.

या रविवारी रांगेत बहिणीच्या मागे मी उभा राहणार आहे. आंटी, काही सांगायचं असेल तर माझ्या कानात सांगा.